फळ्यावरचा एक डाव

बुद्धिबळातील कूट सोडविणे हा रिकामटेकड्यांचा विरंगुळा होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पटाची आकृती छापलेली असते, खाली ‘पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात’ एवढीच ओळ असते, आणि बहुतेकांची नजर तेथून थेट उत्तराकडे धावते. वास्तविक ही धाव ज्याला आवरता आली, त्याचेच शिक्षण सुरू झाले म्हणावयाचे.

स्पेनमधील लुसेनाच्या १४९७ सालच्या ग्रंथात आढळणाऱ्या एका प्रसिद्ध युक्तीचेच उदाहरण घ्यावे. काळा राजा पटाच्या कोपऱ्यात आहे. समोरच्या व तिरक्या घरात त्याचीच प्यादी उभी आहेत. बाजूचे घर रिकामे असून त्यापलीकडे त्याचा हत्ती आहे. त्या रिकाम्या घरावर पांढऱ्याच्या घोड्याचा व वजिराचा रोख आहे. पांढरा आपला वजीर सरळ त्याच घरात नेऊन शह देतो. घोड्याचे पाठबळ असल्याने राजा वजिराला मारू शकत नाही. हत्तीला मारावेच लागते. परंतु हत्ती तेथे येताच राजाची शेवटची वाट बुजते, आणि घोड्याच्या एका उडीने स्वतःच्याच माणसांत कोंडलेला राजा मात होतो.

येथे वजिराचा बळी हे साहस नव्हे, तो हिशेब आहे. प्रतिपक्षाचे उत्तमातले उत्तम उत्तर आपणच शोधावयाचे, आणि तेही मोहऱ्याला हात न लावता, ही त्यातील खरी शिस्त.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत कूटसंग्रहाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली, पेशवाईच्या अखेरच्या पर्वात, मुंबईत प्रसिद्ध झाले. शिकणाऱ्याची प्रगती व स्मरणशक्तीचा व्यायाम हा हेतू त्याच्या शीर्षकातच नोंदलेला होता. आज हीच कुटे मोबाइलवर हवी तितकी फुकट मिळतात. मात्र पहिली चाल चुकली तर दुसरी, तीही चुकली तर तिसरी, असे बोट फिरवीत गेल्यास उत्तर सापडते आणि विचार राहून जातो. गाइडमधले उत्तर पाहून गणित उतरविण्याचाच हा नवा प्रकार होय.

प्रत्यक्ष डावात ‘येथे मात आहे’ असे कोणी कानात सांगत नाही, मग कुटांचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. त्यावर उपाय इतकाच, की अधूनमधून मात नसलेलीही स्थिती मांडावी. ‘येथे मात होत नाही’ हे कारणांसह पटवून देणे, मात शोधण्याहून अनेकदा कठीण असते.

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. या यशाचे कौतुक व्हावेच. परंतु अकोले वा पाथर्डी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरच्या मुलाला प्रशिक्षकाची फी आणि स्पर्धेचे प्रवासभाडे कोठून परवडणार? त्याच्या शाळेत फळा मात्र आहे. शनिवारी त्यावर एक कूट काढावे, आठवडाभर उत्तर सांगू नये, आणि पुढच्या शनिवारी चाल नव्हे, तर चालीमागचे कारण विचारावे.

यातून ग्रँडमास्टर निघेलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. पण समोरचा काय उत्तर देईल याचा विचार करून मगच हात उचलणारी चार मुले एका वर्गातून निघाली, तरी खर्ची पडलेल्या खडूचे चीज झाले.