सहा फेब्रुवारी : गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

६ फेब्रुवारी २०२२. रविवार होता. आदल्या दिवशी वसंत पंचमी, सरस्वतीपूजन झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लतादीदी गेल्याची बातमी आली. त्या दिवशी घराघरांत काय वाटलं, ते मैत्रिणींनो, मी वेगळं सांगायला नको. संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. तेव्हापासून ही तारीख आपल्या मनात कोरली गेलीय.

पण गाण्यांच्या दुनियेत ही तारीख त्याआधीही होतीच. ६ फेब्रुवारी १९१५ ला उज्जैनजवळच्या बडनगर गावात रामचंद्र नारायणजी द्विवेदी नावाचा मुलगा जन्माला आला. हेच आपले कवी प्रदीप. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लिहिणारे. म्हणजे ज्या गाण्याने लतादीदी घराघरांत डोळे पुसायला लावत, त्या गाण्याच्या कवीचा वाढदिवस आणि दीदींचा स्मृतिदिन एकच! आणि बरोबर तीस वर्षांनी, ६ फेब्रुवारी १९४५ ला, पार सातासमुद्रापलीकडे जमैका बेटावर बॉब मार्ली जन्मला. रेगे नावाचं संगीत जगभर पोचवणारा तो जटाधारी गायक; कॉलेजातल्या मुलांच्या टी-शर्टवर त्याचा चेहरा तुम्ही पाहिला असेल.

मार्लीचा या दोघांशी काही संबंध नाही. तरी तिघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो. गाणं लोकांच्या ओठांवर बसतं, तेव्हा त्याच्याखाली नाव कुणाचं लागतं? आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात पडतात? शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटून देणाऱ्या, दुसऱ्याच्या दुकानासाठी साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हा प्रश्न काही नवा नाही.

आधी प्रदीपजींची गोष्ट. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान हिमालयात धारातीर्थी पडले. सगळा देश सुन्न झाला होता. त्या दिवसांत प्रदीपजी माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेले असताना त्यांना ओळी सुचल्या. जवळ कागद नाही, पेन नाही. फिरायला आलेल्या कुणाकडून तरी पेन मागून घेतलं आणि सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर त्या ओळी उतरवून ठेवल्या, असं सांगतात. (आपणही किराणा मालाच्या यादीमागे पाककृती उतरवून घेतोच की!) चाल लावली सी. रामचंद्र यांनी. हे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. म्हणजे गंमत बघा, गाणं लिहिणाराही रामचंद्र आणि चाल लावणाराही रामचंद्रच.

२७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लतादीदींनी ते गायलं. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन, पंतप्रधान नेहरू. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे दीदींनी पुढे अनेकदा सांगितलं. पण त्या दिवशी गाण्याचा कवी तिथे नव्हता. त्यांना निमंत्रणच नव्हतं! पुढे नेहरू मुंबईला आले, तेव्हा एका शाळेतल्या कार्यक्रमात प्रदीपजींनी स्वतः ते गाणं त्यांना म्हणून दाखवलं. लग्नाचा सगळा स्वयंपाक जिने केला, तिचंच पान मांडायचं राहून जावं, तसलाच हा प्रकार.

प्रदीपजींचं मन मात्र मोठं. या गाण्याची रॉयल्टी, म्हणजे रेकॉर्ड विकली गेली की कवीला मिळणारा वाटा, त्यांनी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला देऊन टाकली. ज्या बायकांच्या दुःखावर गाणं उभं आहे, त्यांच्याच घरात त्याचे पैसे जावेत, इतका साधा हिशेब. पण तो पैसा नीट पोचला का? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला रेकॉर्ड कंपनीला सांगावं लागलं, की थकबाकीपोटी दहा लाख रुपये या निधीत भरा. गाणं झाल्याला बेचाळीस वर्षं झाली होती. प्रदीपजी त्याआधीच, डिसेंबर १९९८ मध्ये गेले होते. दरवर्षी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळाशाळांत, चौकाचौकांत हे गाणं वाजतं. त्या गाण्याच्या पैशांवर कुणाचा हक्क आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणींना ठाऊक असेल?

प्रदीपजींची आपल्याशी आणखी एक ओळख आहे बरं का. १९७५ चा ‘जय संतोषी माँ’ आठवतो? गावोगावच्या टॉकीजमध्ये बायका चपला बाहेर काढून सिनेमाला बसायच्या. शुक्रवारचे उपास, गूळ-चण्याचा प्रसाद, आंबट वर्ज्य, हे सगळं त्या सिनेमानंतर किती पसरलं! त्यातली गाणी प्रदीपजींचीच, आणि आरती गायली होती उषा मंगेशकरांनी. देवघरात म्हटली जाणारी आरती आणि देशासाठी म्हटलं जाणारं गाणं एकाच लेखणीतून आलेलं.

आता दीदी. वडील मास्टर दीनानाथ गेले एप्रिल १९४२ मध्ये. लता तेव्हा पुरती तेरा वर्षांचीही नव्हती. पाठीवर मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. घर चालवायचं म्हणून तोंडाला रंग लावून सिनेमात कामं केली, मनात नसताना. ही सगळी कहाणी तुम्हाला पाठ आहे. कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट.

१९४९ साली ‘महल’ आला. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ इतकं गाजलं, की रेडिओवर पत्रांचा पाऊस पडला : ही गाणारी कोण? कारण तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेलं पात्र! गळा एकीचा, चेहरा दुसरीचा आणि नाव तिसरीचं, तेही काल्पनिक. तेव्हा तशीच पद्धत होती. पडद्यावर दिसते तीच गाते, असं प्रेक्षकांना वाटू द्यायचं. शेवटी लोकांनीच विचारून विचारून नाव बाहेर काढलं आणि रेडिओने ते सांगितलं. हळूहळू तबकड्यांवर पार्श्वगायकांची खरी नावं छापली जाऊ लागली.

नंतर ‘चोरी चोरी’ या सिनेमाच्या संगीताला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. संगीतकार जयकिशन आनंदाने दीदींकडे आले, समारंभात ‘रसिक बलमा’ गा म्हणाले. दीदींनी साफ नकार दिला. म्हणाल्या, बक्षीस संगीताला आहे, गाणाऱ्याला नाही. मग गाणारी कशाला हवी? नुसत्या वाद्यांवर वाजवा. पार्श्वगायनासाठी पारितोषिक ठेवा, मग गाते. आणि १९५९ मध्ये ते सुरू झालं. पहिलं कुणाला मिळालं? ‘मधुमती’मधल्या ‘आजा रे परदेसी’साठी दीदींनाच! पुढे काही वर्षांनी गायक आणि गायिकांसाठी वेगवेगळी पारितोषिकं आली, तीही आता आपल्याला इतकी सवयीची आहेत, की कधी काळी ती नव्हती हे खरं वाटत नाही.

खरी लढाई झाली रॉयल्टीवरून, साठच्या दशकात. दीदींचं म्हणणं असं, की रेकॉर्ड विकली जाते ती आमच्या आवाजामुळे. मग विक्रीतला वाटा गायकालाही हवा. महंमद रफींना ते पटलं नाही. निर्मात्याने गाण्याचे पैसे दिले, गायकाने घेतले, व्यवहार संपला, असं त्यांचं मत. रफीसाहेब मनाने फार उदार, नव्या निर्मात्याकडून नाममात्र पैसे घेऊन गाणारे. त्यांना हे मागणं बरं वाटलं नसणार. पण दोघांचं बिनसलं ते इतकं, की काही वर्षं दोघे एकत्र गायलेच नाहीत. त्या काळातल्या सिनेमांत दीदींच्या जोडीला दुसरे गायक आणि रफींच्या जोडीला दुसऱ्या गायिका का ऐकू येतात, त्याचं कारण हे. १९६७ च्या सुमारास अबोला मिटला.

मला विचाराल तर रफीसाहेबांचा चांगुलपणा मान्य करूनही मी दीदींच्या बाजूने आहे. तेराव्या वर्षी घराचा भार उचललेल्या मुलीला पैशाची किंमत कळते. गळा आज आहे, उद्या नसेल. सर्दीने बसला तरी काम गेलं. रेकॉर्ड मात्र वाजतच राहते. तेव्हा लोक म्हणाले, बाई हट्टी आहे, पैशाची लोभी आहे. आपला हिशेब चोख मागणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतंच, मग ती लता मंगेशकर असली तरी.

कायद्याला हे पटायला २०१२ साल उजाडलं. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमाची गाणी लिहिणारे कवी आणि संगीतकार यांना गाणं रेडिओवर, टीव्हीवर किंवा आणखी कुठे वाजलं की रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि निर्मात्याने आधीच सही करून घेऊन तो काढून घ्यायचा, ही वाटही बंद झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी यासाठी तळमळीने भाषण केलं होतं. गायकांनाही वाट्याचा हक्क मिळाला. म्हणजे दीदींनी मागितलं ते साधारण पन्नास वर्षांनी कागदावर आलं.

परदेशातही हे असंच. सहा फेब्रुवारीचीच आणखी एक गायिका आहे, १९५० साली जन्मलेली अमेरिकेतली नॅटली कोल. वडील नॅट किंग कोल मोठे गायक, ते १९६५ मध्ये गेले. १९९१ साली नॅटलीने वडिलांच्या जुन्या रेकॉर्डिंगवर आपला आवाज चढवून ‘अनफर्गेटेबल’ हे त्यांचं गाणं त्यांच्यासोबत गायलं. बाप गेल्याला पंचवीसवर वर्षं, आणि लेक त्याच्याबरोबर गातेय! त्या गाण्याला ग्रॅमी पारितोषिकं मिळाली, त्यातलं एक गाणं लिहिणाऱ्या आयर्विंग गॉर्डन यांना. त्यांनी ते लिहून चाळीस वर्षं उलटली होती.

मार्लीची गोष्ट मात्र यातली सगळ्यात वेगळी, म्हणून शेवटी ठेवलीय.

जमैका म्हणजे वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचं झालेलं बेट. बॉब जन्मला तेव्हा त्याची आई सेडेला अठरा वर्षांची, कृष्णवर्णीय, खेड्यातली. वडील गोरे, वयाने खूप मोठे, आणि संसारात जवळपास नसलेलेच. आई मुलाला घेऊन राजधानी किंग्स्टनला आली, ट्रेंचटाउन नावाच्या गरीब वस्तीत राहिली. तिथे व्हिन्सेंट फोर्ड नावाचा मित्र होता. त्याच्या अंगणात, त्याच्या स्वयंपाकघरात बॉब पडीक असायचा, तिथेच गिटारवर हात बसला. हा फोर्ड वस्तीतल्या भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवायचा.

१९७४ मध्ये मार्लीचं ‘नो वुमन, नो क्राय’ आलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या कार्यक्रमातल्या रेकॉर्डिंगने ते जगभर पोचलं. नावावरून पुष्कळांना वाटतं, की बाईच नसेल तर रडणंही नाही, असा काहीतरी पुरुषी विनोद आहे. मुळीच नाही! जमैकाच्या बोलीत त्याचा अर्थ होतो, नको गं बाई, रडू नकोस. वस्तीतल्या जुन्या दिवसांची आठवण काढून एका बाईची समजूत घालणारं गाणं आहे ते. आणि त्या गाण्याखाली कवी म्हणून नाव आहे, व्हिन्सेंट फोर्ड.

गाणं खरं कुणी लिहिलं यावर वाद आहेत. कुणी म्हणतं, जुन्या कंपनीशी केलेल्या करारातून सुटण्यासाठी मार्लीने मित्राचं नाव घातलं. कुणी म्हणतं, अन्नछत्र चालत राहावं म्हणून. दोन्हीही खरं असू शकतं. व्यवहार आणि माया एकाच घरात नांदतातच. रॉयल्टीचे पैसे फोर्डकडे जात राहिले आणि त्यावर छत्र चाललं, असं सांगतात.

मित्राची एवढी सोय लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या माणसांसाठी मात्र एक कागद केला नाही. ११ मे १९८१ ला कर्करोगाने तो गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, मृत्युपत्र न करता. मागे बायको रिटा, जी त्याच्या कार्यक्रमांत साथीला गायची, वेगवेगळ्या बायकांपासून झालेली मुलं, म्हातारी आई आणि दर दिवशी पैसा आणणारी गाणी. त्या पैशासाठी साधारण दहा वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. वकिलांची घरं भरली असतील, दुसरं काय. घरातल्या पुरुषाला मृत्युपत्राचा विषय काढला की ‘आत्तापासून मरणाच्या गोष्टी कशाला’ असं ऐकून घेतलेल्या मैत्रिणी हे वाचताना हसतील.

फोर्ड मार्लीनंतर सत्तावीस वर्षं जगला. मधुमेहाने पाय गेले होते, चाकाच्या खुर्चीत होता. २००८ च्या डिसेंबरात किंग्स्टनलाच तो वारला. रेकॉर्डवर त्या गाण्याखाली अजूनही त्याचंच नाव छापलं जातं.