कोटाच्या अस्तरात शिवलेला आनंद

ऑगस्ट १६६२. पॅरिसमध्ये एक माणूस ३९व्या वर्षी वारला. काही दिवसांनी त्याच्या नोकराला मालकाच्या कोटाचं अस्तर एका जागी जाड लागलं. टाके उसवले, तर आत घडी केलेलं चर्मपत्र, आणि त्याच्या घडीत एक कागद! दोन्हींवर त्याच्याच हातचा मजकूर. आठ वर्षं तो कोट बदलला की हे टाके उसवायचा आणि नव्या कोटात पुन्हा घालायचा. कुणालाही न सांगता.

हा माणूस म्हणजे ब्लेझ पास्कल. चक्रीवादळाच्या बातमीत हवेचा दाब ज्या हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, त्यातला पास्कल. करवसुलीच्या आकडेमोडीत बुडालेल्या वडिलांसाठी त्याने विशीच्या आतबाहेर गणनयंत्र घडवलं. १६४८मध्ये मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्युय द डोम डोंगरावर पाठवलं. माथ्यावर पारा उतरला आणि हवेला वजन असतं याचा भक्कम पुरावा मिळाला. १६५४मध्ये फर्मा या गणितज्ञाशी त्याने केलेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं.

आणि त्याच वर्षीची तारीख त्या कागदावर आहे: २३ नोव्हेंबर, सोमवार. वेळही नोंदलेली आहे, रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबाराच्या सुमारापर्यंत. प्रयोगाची नोंद करावी तशी! मात्र पुढे एकच शब्द, अग्नी. आणि खाली तुटक तुटक उद्गार. युक्तिवादाने सिद्ध होणारा तत्त्वज्ञांचा देव त्याला भेटलेला नाही. बायबलमधल्या अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव भेटला आहे, येशू ख्रिस्तात भेटला आहे. आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, डोळ्यांतल्या पाण्यासकट. पृथ्वीवरचे कष्ट एका दिवसाचे आणि आनंद अनंतकाळचा, असा हिशेबही शेवटाकडे येतो. मर्यादित आणि अनंत यांतलं अंतर इतकं नेमकं कुणाला कळणार?

पास्कलने नंतर लिहून ठेवलेली टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १६७०मध्ये, ‘पाँसे’ या नावाने छापली गेली. माणूस सुखामागे का धावतो, हे त्यांत त्याने विलक्षण बारकाईने पाहिलं आहे. शिकाऱ्याला ससा आयता दिला तर तो नको म्हणेल. त्याला हवी असते धावपळ, कारण धावताना स्वतःकडे बघावं लागत नाही. आत एक पोकळी आहे. ती अनंत आहे, म्हणून मानमरातब, करमणूक, ज्ञान, काहीही टाकलं तरी भरत नाही. अनंत देवच ती भरू शकतो. आणि हा देव कमवावा लागत नाही. तो कृपेने स्वतःहून येतो. ख्रिस्ती श्रद्धेतला आनंद टिकतो तो याच कारणाने: तो आपल्या मनःस्थितीवर उभा नसतो, येणाऱ्यावर उभा असतो.

त्या रात्रीनंतर पास्कलचं दुखणं काही थांबलं नाही. शरीर आयुष्यभर छळत राहिलं. पण शेवटच्या वर्षात तो काय करत होता पाहा. मार्च १६६२मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर ठरावीक मार्गाने, पाच सूंच्या भाड्यात प्रवासी नेणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. आजच्या शहर बससेवेची ही पूर्वज त्याच्याच कल्पनेतून आली, आणि आपल्या वाट्याचा पैसा गरिबांकडे जावा अशी त्याची इच्छा होती. घरात त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. रीत अशी की कुटुंबाला हलवायचं. पास्कल मात्र म्हणाला, मुलाला हलवण्यात धोका जास्त. आणि स्वतः आजारी असताना घर सोडून बहिणीकडे गेला. तिथेच त्याचा अंत झाला.

मला या आनंदाचं सगळ्यात मोठं नवल इथे वाटतं. दोन तासांचा तो अनुभव ओसरला असेल, पण त्याने दिलेलं मोकळेपण ओसरलं नाही. ज्याला आपण देवाच्या हाती सुरक्षित आहोत हे कळलं, त्याला स्वतःचं घरसुद्धा दुसऱ्याच्या लेकरासाठी सोडता आलं.