बंदी आणि उघडलेले दार

मंडळी, आपली हिंगोली निजामाच्या राज्यात होती, तेव्हाची ही गोष्ट. लोकांना जबाबदार राज्यपद्धती हवी होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांसारखे सत्याग्रही तुरुंगात गेले. ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले. त्यांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने, म्हणजे राज्याबाहेरच्यांनी!

१७ सप्टेंबर १९४८ला आपण सुटलो. त्याच साली १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या विसाव्या कलमात शांततेने सभा भरवण्याचा हक्क प्रत्येक माणसाचा मानला आहे. तेव्हा परदेशात कुठे सभा मोडली, पोरं कोंडली, तर ‘आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणू नका. गुरुजी, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर मुलांना नागपूरच्या त्या दाराची गोष्ट जरूर सांगा.