‘कॅनी’चं कूळ आणि गिरणीतला पोर

न्यूकॅसलला शिकणाऱ्या मुलाला त्याची घरमालकीण ‘कॅनी लॅड’ म्हणते. शब्दकोशात ‘कॅनी’चा अर्थ चलाख, हिशेबी असा सापडतो, मग हा टोमणा समजायचा का, असं एका वाचक आईने विचारलं आहे.

मुळीच नाही. इंग्लंडच्या ईशान्येला ‘कॅनी’ म्हणजे गुणी, लाघवी. तिथे ‘अ कॅनी फ्यू’ म्हणजे बऱ्यापैकी संख्येने. स्कॉटलंडमध्ये ‘का कॅनी’ म्हणजे जपून हाक. ग्लासगोच्या गोदी कामगारांनी १८८९ मध्ये मुद्दाम संथ काम केलं, त्या डावपेचालाही हेच नाव पडलं.

शब्दाचं मूळ ‘कॅन’मध्ये आहे. आज त्याचा अर्थ ‘शकणे’, पूर्वीचा ‘जाणणे’. संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू त्याचाच सगोत्र, कारण मूळ ‘ग’ जर्मानिक भाषांत ‘क’ झाला आणि संस्कृतात ‘ज’. म्हणजे आपला ‘जाणता’ आणि त्यांचा ‘कॅनी’ एकाच कुळातले! जाणता माणूस जपून वागतो, जपून वागणारा सौम्य वाटतो, सौम्य माणूस हवाहवासा होतो. अर्थाची एकेक पायरी कुठल्या ना कुठल्या बोलीत टिकून आहे. सख्ख्या भावांपैकी एक नावारूपाला यावा आणि दुसरा बदनाम व्हावा, तसं ‘कनिंग’चं झालं. तोही ‘जाणणे’तूनच आला, एके काळी त्याचा अर्थ विद्या, कौशल्य असा होता, आज तो कावेबाजपणावर येऊन ठेपलाय. उलट ‘श्रूड’ म्हणजे पूर्वी दुष्ट; आज ती शाबासकी आहे.

हे पुरावे गावोगावच्या बोलण्यातून गोळा करून नीट लावले जोसेफ राइट यांनी. मॅक्सम्युलर आपल्याकडे घरोघरी माहीत. ऑक्सफर्डला त्यांच्या जागेवर आलेला हा माणूस मात्र कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. यॉर्कशरमधलं गरीब घर. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढवं हाकायची, मग सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेल्या बॉबिन उतरवायच्या. लिहावाचायला शिकले ते पंधराव्या वर्षी, स्वतःच्या हिमतीवर. पुढे हायडेलबर्गची डॉक्टरेट. त्यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश १८९८ ते १९०५ या काळात निघाला. टॉल्किन हे त्यांचेच विद्यार्थी.

बोली म्हणजे बिघडलेली भाषा, हा समज राइटनी कृतीने खोडला. प्राध्यापक होण्याआधी, १८९२ मध्ये, त्यांनी विंडहिल या आपल्याच गावच्या बोलीचं व्याकरण छापलं होतं. गॉथिक आणि जुन्या जर्मनला लावावी तीच शिस्त त्यांनी गिरणी कामगारांच्या बोलीला लावली, आणि त्या कसोटीला ती पुरेपूर उतरली.