एक गाव, दोन सरपंच

इंजिनीअरिंगचा कॅप फॉर्म तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भरलाय. त्यात ‘टाईप ए’ ते ‘टाईप ई’ असे पर्याय असतात. आपण ‘ए’ निवडतो आणि पुढे जातो. तो ‘ई’ कोणासाठी असतो, कधी बघितलंय? कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी. बेळगाव, निपाणी, कारवार धरून ८६५ गावं. सीमावाद म्हटलं की आपली गाडी तिथेच थांबते.

आता नकाशावरचं बोट तिथून उचला आणि थेट चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला ठेवा. जिवती तालुका, माणिकगडचे डोंगर, जंगल. इथल्या महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, भोलापठार अशा १४ गावांवर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणही. आपण जिला जिवती म्हणतो, तिथलीच ही गावं तेलंगणच्या कागदावर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलात आहेत.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराजगुड्यातल्या एका घराचे व्हिडिओ व्हायरल झाले होते. चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात, आणि स्वयंपाकघर तेलंगणात! फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीवर, ज्युरा डोंगरातल्या ला क्यूर गावात असंच एक हॉटेल आहे. १८६२ मध्ये दोन देशांनी हद्द बदलायचा करार केला. तो लागू व्हायच्या आत एका हुशार माणसाने नेमकी त्या रेषेवर इमारत उभी केली. आज तिथे लोक एका देशात डोकं आणि दुसऱ्या देशात पाय ठेवून झोपायला पैसे मोजतात. महाराजगुड्याला बघायला मात्र फक्त कॅमेरेवाले येतात.

हा घोळ झाला कसा? हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. राजुरा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली आणि राजुरा मुंबई राज्यात आला. आधी नांदेड, मग १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. (जिवती तालुका पुढे याच राजुऱ्यातून निघाला.) पण दिल्लीत तालुक्याचं नाव लिहिणं सोपं होतं. तालुका डोंगरात नेमका कुठे संपतो, हे ठरवणं अवघड. त्यात मराठवाड्यातून कामाच्या आणि जमिनीच्या शोधात आलेली कुटुंबं इथे वसली. गोंड, कोलाम आधीपासून होतेच. म्हणून गावात मराठी बोलणारे बरेच. महाराष्ट्र १९९७ च्या सुप्रीम कोर्टातल्या निकालाचा हवाला देतो. आंध्र प्रदेशाने आणि २०१४ नंतर तेलंगणाने आपला कारभार सुरूच ठेवला.

त्यामुळे गावात सगळं डबल. दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, एक मराठी शाळा आणि एक तेलुगू. अनेकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. ऐकायला मज्जा वाटते ना? ‘आपल्याला एक स्कॉलरशिप वेळेवर येत नाही आणि यांना डबल’, असंही मनात येईल. पेन्शनचंच घ्या. तेलंगणात २०१९ पासून २,०१६ रुपये. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचे २०२३ मध्ये वाढून १,५०० झाले. म्हातारी माणसं हा हिशोब बरोबर करतात, आणि त्यांना नावं ठेवायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

मतदानाचं मात्र वेगळं आहे. २०१९ ला दोन्हीकडे लोकसभेचं मतदान एकाच दिवशी, ११ एप्रिलला झालं. २०२४ ला चंद्रपूरचं १९ एप्रिलला आणि तेलंगणाचं १३ मे रोजी. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असायला हवं, दोनदा मत देणं चालत नाही. (गावाकडच्या यादीतलं नाव तसंच ठेवून पुण्यातही नोंदणी केलेल्या हॉस्टेलकरांनो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का.) इथे तर दोन्ही सरकारांनीच घरी येऊन नावं नोंदवलीत. मग चूक कोणाची म्हणायची?

आणि डबल नसलेली एक गोष्ट आहे, जमिनीचा कागद. लोक वर्षानुवर्षं जी जमीन कसतात, तिचा बराच भाग वनखात्याचा. पट्टे द्या, ही इथली जुनी मागणी. कागद नाही म्हणून बँकेचं पीककर्ज अवघड. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू योजना आणली, एकरामागे थेट पैसे. पण त्यासाठी जमिनीचं पासबुक लागायचं. दोन्ही सरकारं मतदार म्हणून तुम्हाला ओळखतात, शेतकरी म्हणून ओळखताना मात्र अडतात. ही गंमत नाही, ही अडवणूक आहे.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही १४ गावं पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं सांगितलं. तसं झालं तर एक सरपंच राहील, एक रेशनकार्ड राहील. पट्ट्यांचं काय, तेलंगणाचं पेन्शन बंद झालं तर वरच्या पाचशे रुपयांचं काय, हे गावकरी विचारणारच. आणि तेलुगू शाळेत शिकून तेलंगण बोर्डाची दहावी झालेल्या मुलीचं काय? ती उद्या पुण्यात अ‍ॅडमिशन घ्यायला आली तर ‘टाईप ई’ तिच्यासाठी नाही, तो फक्त कर्नाटक सीमेसाठी. महाराष्ट्राचं डोमिसाईल निघालं तर ‘टाईप बी’. नाही निघालं, तर ती परराज्यातली.