साखर कारखान्याचे सभासद आहात? मग फक्त सवलतीच्या साखरेवर थांबू नका

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंकुशनगर हे नाव घेतलं की आधी आठवतो तो साखर कारखाना. माजी खासदार अंकुशराव टोपे यांचं नाव असलेला समर्थ सहकारी साखर कारखाना इथेच आहे. अशा सहकारी कारखान्याचा शेअर मराठवाड्यातल्या अनेक घरांत असतो. पण सभासद असणं म्हणजे नेमकं काय?

एफआरपी सभासदालाच मिळते का?

नाही. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, सभासद आणि बिगरसभासद दोघांनाही मिळतो. 2025-26 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज लागतं.

मग सभासदाला वेगळं काय मिळतं?

मालकी. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे. शेअर एक असो की पन्नास, संचालक मंडळ निवडताना दोघांचं वजन सारखंच.

दुसरा हक्क फारसा वापरलाच जात नाही. कायद्याच्या कलम 32 नुसार सभासद कारखान्याच्या कार्यालयात जाऊन पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी मोफत पाहू शकतो.

वार्षिक सभेत काय विचारायचं?

आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अहवाल आधीच वाचून गेलं तर दोन प्रश्न थेट खिशाशी जोडलेले आहेत.

पहिला, साखर उतारा किती? चालू दरानुसार उतारा 10.25 टक्क्यांच्या वर 0.1 टक्का गेला की क्विंटलला 3.46 रुपये वाढतात. 100 टन ऊस घालणाऱ्यासाठी हा फरक 3,460 रुपयांचा आहे.

दुसरा, तोडणी-वाहतूक खर्च किती? हा खर्च एफआरपीतून कापला जातो. तो टनामागे 50 रुपयांनी कमी झाला तर 100 टनांवर 5,000 रुपये हातात येतात.

सल्ला कुठे मिळतो?

पुण्याजवळच्या मांजरीत 1975 पासून ऊस संशोधन करणारी संस्था आहे. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. राज्यातले साखर कारखानेच तिचे सभासद आहेत. तिथे शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानयाग' आणि महिलांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' ही प्रशिक्षणं होतात. नाव द्यायचं असेल तर आपल्या कारखान्याच्या शेतकी विभागात विचारावं. बेणं, माती परीक्षण, लागवडीची नोंद यासाठीही हाच विभाग गाठायचा. नोंदीची तारीख महत्त्वाची, कारण तोडणीचा क्रम त्यावर ठरतो. 2021-22 मध्ये मराठवाड्यात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत लांबलं. अशा वर्षी नोंदीचा कागद हातात असलेला बरा.

शेअर आजोबांच्या नावावर असेल तर?

सभासद हयात नसेल आणि वारसाच्या नावावर शेअर झालेला नसेल, तर त्या घराचं मत वाया जातं. सभासद हयात असेल तर नामनिर्देशन करून ठेवावं. नसेल तर मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन शेअर विभागात अर्ज करावा आणि पोच घ्यावी. मतदार यादी तयार होण्याआधी हे काम उरकलेलं बरं. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते आणि यादीत नाव नसेल तर मालकी कागदावरच राहते.