'बायको आहे माझी, साहेब!'

संध्याकाळची सातची वेळ. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागली आहे. एक माणूस एका बाईचा दंड धरून तिला ओढतो आहे. ती जायला तयार नाही. तो तिच्या थोबाडीत देतो, तसे पाचपन्नास लोक गोळा होतात. कुणीतरी चौकातल्या हवालदाराला बोलावून आणतो.

'काय रे, काय चाललंय?'

'बायको आहे माझी, साहेब.'

एवढे ऐकताच हवालदाराचा आवाज खाली येतो. 'मग घरी जाऊन भांडा ना. रस्त्यावर तमाशा कशाला?' गर्दी पांगते. बाई मुकाट्याने रिक्षात बसते. घरी पुढे काय होते, ते कुणालाच कळत नाही.

हे दृश्य कल्याणला दिसते, तसेच इंदूरला आणि बडोद्यालाही दिसते. तीच थप्पड अनोळखी माणसाने मारली असती, तर त्याची कॉलर धरली गेली असती. 'बायको' हा शब्द जणू परवान्यासारखा वापरला जातो. वास्तविक कायद्यात अशी सवलत कुठेही नाही.

उलट, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमात पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. तक्रार आलेली असो वा पोलीस नुसताच घटनास्थळी हजर असो, त्याने त्या बाईला तिचे हक्क सांगितलेच पाहिजेत: न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो, त्यासाठी संरक्षण अधिकारी मदत करतो, वकील मोफत मिळतो आणि फौजदारी तक्रारही करता येते. लग्न न करता नवरा-बायकोप्रमाणे एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा लागू आहे. आता सांगा, किती हवालदार रस्त्यावर हे सांगतात?

एन.सी. म्हणजे काय?

ठाण्यात गेले तरी प्रकरण बहुधा एन.सी.वर थांबते. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार साध्या मारहाणीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गुन्हा अदखलपात्र असल्याने न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. बाईला वाटते, आपण तक्रार दिली, आता काहीतरी होईल. प्रत्यक्षात तिच्या हातात फक्त एक कागद असतो.

सतत छळ होत असेल तर गोष्ट वेगळी. १९८३ साली आलेले ४९८-अ कलम आता नव्या संहितेत ८५ वे झाले आहे. तो गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. म्हणून 'आज मारले' एवढेच सांगू नये. यापूर्वी केव्हा, कशाने, कुणासमोर मारले, तेही लिहून द्यावे.

२ जुलै २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की या कलमाखाली पतीला व नातेवाइकांना सरसकट अटक करू नये, आधी अटकेची गरज तपासावी. निकाल योग्यच होता, कारण सासरच्या म्हाताऱ्या माणसांनाही आत टाकले जाई. पण काही ठाण्यांत त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो: काही करायचेच नाही. अटक न करणे वेगळे आणि गुन्हा न नोंदवणे वेगळे.

पोलिसांचीही बाजू आहे. 'साहेब, त्याला फक्त समज द्या, केस नको,' असे सांगणाऱ्या बायकाच जास्त. रात्री रडत आलेली बाई सकाळी नवऱ्याला सोडवायला येते. असे दहा वेळा पाहिले की अकराव्या वेळी हवालदार लक्ष देत नाही. मात्र माघार घेणाऱ्या बाईला घर, पैसा, मुले यांपैकी कशाची भीती आहे, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. नवऱ्याला बायकोने मारले असेल तर ठाण्यात चक्क हशा पिकतो. मारहाणीचे कलम तर त्यालाही तेवढेच लागू आहे.

अविवाहित जोडप्यांची अडचण

बागेत, समुद्रकिनारी भांडणाऱ्या तरुण जोडप्यांना पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, 'घरी माहीत आहे का?' ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसच्या आसपास जोडप्यांना ठाण्यात नेले होते. त्यातली बहुतेक सज्ञान होती. अशा पोलिसांसमोर मार खाणारी मुलगी 'काही नाही साहेब, आम्ही सहजच बोलत होतो' असेच म्हणणार. तिला मारणाऱ्यापेक्षा घरी जाणाऱ्या फोनची भीती मोठी असते.

१८ जून २०२४ रोजी वसईत एका तरुणाने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला भर रस्त्यात पान्याने मारून ठार केले. लोक बघत राहिले. काही दिवसांपूर्वीच पोलिसांकडे तक्रार केली होती, असे तिच्या घरच्यांनी सांगितले.

असे काही दिसले तर लगेच ११२ क्रमांकावर फोन करावा. मारणाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा बाईलाच विचारावे, 'ताई, तुम्हाला यांच्याबरोबर जायचंय का?' तिने 'नाही' म्हटले तर पोलीस येईपर्यंत तिथून हलू नये. नवरा शेजारी उभा असताना ती खरे बोलेलच असे नाही, म्हणून तिला बाजूला नेऊन बोलावे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच गरजेतून. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बाईचे म्हणणे ऐकून घेतात. पुढे असे कक्ष इतर जिल्ह्यांत आणि काही राज्यांतही निघाले.

एन.सी. झाली तरी तिची प्रत मागून घ्यावी आणि तारीख व क्रमांक जपून ठेवावा. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवावी. ठाण्यात दखलपात्र गुन्हाही नोंदवून घेत नसतील, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर ती पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी आणि पोचपावती घरी नव्हे, तर माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवावी.